इव्हनसाँग

अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील, गायनप्रधान सांजप्रार्थना. जवळजवळ सगळी उपासना गायकवृंद गातो तेव्हा तिला कोरल इव्हनसाँग म्हणतात. इंग्लंडमधील कॅथीड्रलांत (बिशपच्या मुख्य चर्चांत) आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या काही कॉलेजांच्या चॅपेलांत (प्रार्थनागृहांत) ती आठवड्यातल्या बऱ्याच संध्याकाळी होते व साधारण पाऊण तास चालते. रविवार सोडून इतर दिवशी प्रवचन बहुधा नसते; जमलेली मंडळी बहुतेक वेळ नुसती ऐकतात.

इंग्लंडचे चर्च पोपच्या सत्तेपासून फुटल्यावर आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर यांनी १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात व्हेस्पर्स (सायंकाळची) आणि कॉम्प्लिन (रात्री झोपण्यापूर्वीची) या दोन लॅटिन प्रार्थनांची मिळून एकच इंग्रजी प्रार्थना केली. म्हणूनच इव्हनसाँगमध्ये दोन गीते येतात: येशूची आई मरीया हिचे व्हेस्पर्समधून, बाळ येशूला मंदिरात पाहणाऱ्या वृद्ध शिमोनाचे कॉम्प्लिनमधून. पहिले जुन्या करारातील वाचनानंतर गातात, दुसरे नव्या करारातील वाचनानंतर. आरंभी पाळक आणि गायकवृंद यांच्यात सवाल-जबाबासारखी वचने होतात. विश्वासांगीकार (श्रद्धेची ठरलेली कबुली) व प्रार्थना झाल्यावर अँथम, म्हणजे स्वतंत्र रचनेचे भक्तिगीत. आजही वापरात असलेल्या १६६२ च्या पुस्तकाने गाणारे असतील तिथे अँथमला रीतसर जागा दिली.

श्रोते अँथमची वाट पाहतात, पण गायकवृंदाची खरी कसोटी स्तोत्रांत लागते. बायबलमधील १५० स्तोत्रे महिन्याच्या ३० दिवसांत, सकाळ-संध्याकाळ अशी वाटलेली आहेत. पंधराव्या संध्याकाळी ७८ वे स्तोत्र येते. त्याची कडवी ७३! ही गद्य वचने अँग्लिकन चँट या छोट्या, चार आवाजांच्या चालीवर बसवतात. ओळीतील बरेचसे शब्द एकाच स्वरमेळावर बोलण्याच्या लयीत म्हणायचे आणि शेवटच्या काही अक्षरांवर चाल फिरवायची. कुठे फिरायचे याच्या खुणा पुस्तकात असतात, तरी वीसेक जणांनी एकसाथ उच्चार करणे सरावाशिवाय जमत नाही. समोरासमोर बसलेल्या डेकॅनी आणि कँटोरिस या दोन बाजू कडवी आलटूनपालटून घेतात.

मरीया व शिमोन यांच्या गीतांना बर्ड, गिबन्स, स्टॅनफर्ड अशा अनेकांनी संगीत दिले. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजसाठी हर्बर्ट हॉवेल्स यांनी १९४५ मध्ये केलेली रचना विशेष गाजली. तिच्यात मरीयेचे गीत मुलांच्या उंच आवाजांनीच उघडते, तर शिमोनाचे शब्द एकटा टेनर (उंच पट्टीचा पुरुष गायक) गातो. शब्द ठरलेले असल्यामुळे संगीतकाराची नजर कुठे गेली ते अशा ठिकाणी चटकन कळते.

१६४५ मध्ये प्युरिटन (चर्चमधील जुने विधी काढून टाकू पाहणारे कडवे प्रॉटेस्टंट) वर्चस्वाच्या पार्लमेंटने प्रार्थनापुस्तकावरच बंदी घातली आणि गायकवृंद विखुरले. १६६० मध्ये राजेशाही परतल्यावर ते पुन्हा उभे राहिले. बीबीसीने ७ ऑक्टोबर १९२६ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतून इव्हनसाँगचे पहिले प्रक्षेपण केले. हा साप्ताहिक कार्यक्रम अजून चालू आहे.

उंच आवाजाचे गायन शतकानुशतके मुलग्यांपुरते राहिले. यासाठी परंपरेखेरीज पटण्याजोगे कारण नव्हते. सॅलिस्बरी कॅथीड्रलने १९९१ मध्ये मुलींचा स्वतंत्र वृंद सुरू केला आणि पुढे इतर कॅथीड्रलांनीही तीच वाट धरली.

मुंबईत ही उपासनापद्धती ब्रिटिशांबरोबर आली. फोर्टमधील सेंट टॉमस चर्च १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले व १८३७ मध्ये कॅथीड्रल बनले. आजच्या कॅथीड्रल अँड जॉन कॉनन शाळेचे एक मूळ याच कॅथीड्रलसाठी गाणारी मुले घडवणाऱ्या शाळेत आहे. १९७० पासून हे कॅथीड्रल चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या एकत्रित प्रॉटेस्टंट चर्चकडे आहे.