थिजलेलं तेल

थंडीच्या दिवसांत बाटलीतलं खोबरेल थिजतं, तसं लिबियातल्या सरीरच्या वाळवंटातलं कच्चं तेलही थिजतं. खोल जमिनीतून ते गरम वर येतं, म्हणून पातळ असतं. त्यात मेण भरपूर. वाहणं थांबलं, तेल निवलं की मेणाचे स्फटिक धरू लागतात आणि तोब्रुकच्या बंदरापर्यंतची शेकडो किलोमीटरची पाइपलाइन तुंबण्याची भीती असते. बंड झालं, तेल बंद; बंड शमलं, तेल सुरू, असं तोटी फिरवण्याइतकं हे सोपं नाही.

फेब्रुवारी २०११ मध्ये गद्दाफींविरुद्ध उठाव झाला, तेव्हा लिबिया रोज सुमारे १६ लाख पिंपं तेल काढत होता. जगाच्या गरजेच्या जेमतेम दोन टक्के! काही महिन्यांत ते जवळपास शून्यावर आलं आणि एप्रिलमध्ये ब्रेंट तेलाचा, म्हणजे जागतिक बाजारात मापदंड मानल्या जाणाऱ्या तेलाचा, भाव पिंपाला १२० डॉलरच्या वर गेला. एवढ्याशा तुटीने एवढा भडका का उडावा? सौदी अरेबिया तर जादा तेल काढायला तयार होता. पण लिबियाचं तेल हलकं, कमी गंधकाचं. त्यातून पेट्रोल-डिझेल सहज निघतं. सौदीच्या राखीव क्षमतेतलं बरंचसं तेल त्यापेक्षा जड आणि जास्त गंधकाचं. युरोपातल्या अनेक रिफायनऱ्यांकडे ते पचवण्याची यंत्रणाच नव्हती.

त्या वर्षातली आणखी एक घटना मला याहून मोठी वाटते. अरब देशांतल्या उठावांचं लोण आपल्याकडे येऊ नये म्हणून सौदी राजे अब्दुल्ला यांनी घरं, नोकऱ्या आणि भत्त्यांसाठी सुमारे १३० अब्ज डॉलर जाहीर केले. सौदी तेल काढायला जगातल्या सर्वांत स्वस्त तेलांपैकी एक. मात्र देश शांत ठेवण्याचा खर्चही त्याच पिंपातून निघायचा असतो, आणि तो धरला की स्वस्त तेल फारसं स्वस्त उरत नाही.

व्हेनेझुएलात तर माणसंच गेली. २००२-०३ च्या संपानंतर सरकारी तेल कंपनीने सुमारे १८ हजार कर्मचाऱ्यांना काढून टाकलं. तिथल्या ओरिनोको नदीच्या पट्ट्यातलं तेल इतकं घट्ट, की पातळ तेल मिसळल्याशिवाय ते नळातून सरकत नाही. ते हाताळायला अनुभव लागतो. तो घरी बसला. पुढे पैसा आटला, निर्बंध आले. एकेकाळी रोज ३० लाख पिंपं काढणारा देश २०२० मध्ये ५ लाखांच्या आसपास आला. जगातला सर्वांत मोठा मानला जाणारा साठा त्याच्या पायाखाली तसाच पडून होता.