वॅगनला मागे ओढणारी हवा

जुनी स्टेशन वॅगन कच्च्या रस्त्यावर थोडी पळवा आणि उतरून तिची मागची काच बघा. पुढची काच बऱ्यापैकी स्वच्छ असते, मागची मात्र धुळीने माखलेली. चाकांनी तर ती धूळ मागे उडवली होती. मग ती उलटी फिरून काचेवर आली कशी?

टपावरून सरकत आलेली हवा मागच्या कडेशी पोचते, तेव्हा छप्पर एकदम संपतं आणि डिकीचा दरवाजा जवळपास उभाच्या उभा खाली उतरतो. वेगातल्या हवेला असं काटकोनात वळणं जमत नाही. ती गाडीला सोडून तशीच निघून जाते आणि गाडीच्या पाठीशी कमी दाबाचा खड्डा तयार होतो. त्यात हवा भोवऱ्यासारखी घुमत राहते आणि धूळ, धूर सगळं आत खेचून घेते. पुढे बंपरवर जास्त दाब, मागे कमी. म्हणजे हवा गाडीला पुढून अडवते आणि मागूनही धरून ठेवते. वॅगनचं खरं दुखणं हे मागचं आहे, आणि सुधारणा करू पाहणारे बहुतेक जण मात्र पुढच्या नाकाकडेच बघत बसतात.

हा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी शक्ती घनाने. रोधगुणांक (आकार हवेला किती अडतो हे सांगणारा आकडा) ०.४ आणि समोरून दिसणारं क्षेत्रफळ २.१ चौरस मीटर धरलं, तर ताशी १०० किलोमीटरला फक्त हवा कापायला सुमारे ११ किलोवॅट लागतात. वेग १२० केला की जवळपास १९. गावातल्या संथ फेऱ्यांत त्यामुळे आकार सुधारण्याच्या खटाटोपाचा उपयोग नाही; लांबच्या मोकळ्या रस्त्यावर आहे.

आकार किती फरक पाडतो, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण नासाचं आहे. तिथले अभियंते एडविन सॉल्ट्झमन सायकलवरून कामावर जात. बाजूने ट्रक गेला की हवा आधी त्यांना ढकलायची, मग ओढायची. त्यातूनच १९७३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात एका व्हॅनला अ‍ॅल्युमिनियमचे सपाट पत्रे ठोकून तिचा धारदार कडांचा खोका केला गेला. मग कडा एकेक करून गोल केल्या, आणि रोध निम्म्याहून खाली आला.

मागच्या बाजूला मात्र नुसत्या गोलाईने भागत नाही. छप्पर आणि बाजू हळूहळू आत निमुळत्या करत नेल्या, साधारण १० ते १५ अंशांत, तर हवा पृष्ठभागाला चिकटून राहते आणि मागचा खड्डा लहान होतो. उतार फार तीव्र केला की ती सुटते. १९८४ मध्ये संशोधक अहमद यांनी गाडीसारख्या एका साध्या ठोकळ्यावर उताराचा परिणाम मोजला: मागचा तिरका भाग ३० अंशांच्या आसपास आला की रोध कमाल होतो आणि त्यापुढे अचानक घसरतो. शेपूट टोकापर्यंत न्यायचीही गरज नसते. ती मध्येच कापली तरी बराचसा फायदा हाती राहतो, हे जर्मनीत वुनिबाल्ड काम यांनी १९३० च्या दशकातच दाखवलं होतं. म्हणून छपराच्या टोकाला किंचित खाली झुकलेली पट्टी आणि दोन्ही बाजूंना आत वळलेल्या पट्ट्या, हा जुन्या वॅगनसाठी मला सर्वांत पटणारा उपाय. टपाच्या टोकाला चिकटवायच्या छोट्या पंखांवर पैसे घालवू नका. ते उतरत्या काचेवर हवा धरून ठेवायला असतात. उभ्या पाठीवर हवा कडेपाशी सुटणार ती सुटणारच.

बाकीची कामं सोपी आहेत. टपावरचं रिकामं कॅरिअर काढा, हे सगळ्यात आधी. गाडीच्या पोटाखाली सपाट पत्रा लावा, पण धुराड्याच्या नळीपासून लांब. पुढच्या जाळीचा काही भाग झाकता येतो, मात्र तापमानाच्या काट्यावर नजर हवी.

केलेलं काम लागू पडलं का, हे लोकरीचे तुकडे सांगतात. बोटभर लांबीचे धागे चिकटपट्टीने टपावर, बाजूंना आणि नव्या पट्ट्यांवर लावा आणि शेजारच्या गाडीतून कुणाला तरी बघायला सांगा. धागा शांत पडून राहिला तर हवा चिकटलेली आहे. तो गरगरला किंवा पुढे तोंड करून उभा राहिला, तर तिथे ती सुटली. मग सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून ताशी १०० वरून ८० वर यायला किती सेकंद लागतात ते मोजा, दोन्ही दिशांना, बदलाच्या आधी आणि नंतर. दोन्ही मोजण्या एकाच दिवशी, सारख्याच उन्हात करा. ० अंशाची हवा ३० अंशाच्या हवेपेक्षा सुमारे १० टक्के दाट असते. तेवढ्या फरकात तुमची पट्टी सहज हरवून जाईल.