क्रेटची भीती की एकटेपणाची?

रात्री क्रेटमध्ये, म्हणजे कुत्र्यासाठीच्या जाळीच्या किंवा प्लॅस्टिकच्या दार असलेल्या पिंजऱ्यात, ठेवलेले कुत्रे रडू लागले, दार ओरबाडू लागले, की त्याला क्रेट आवडत नाही असे आपण समजून चालतो. या रडण्यामागे दोन निरनिराळ्या भीती असू शकतात: काही कुत्र्यांना कोंडले जाणे सोसत नाही, तर काहींना माणसांपासून दूर राहणे. धापा टाकणे, लाळ गाळणे, जाळी चावणे ही लक्षणे दोन्हींत जवळपास सारखीच असल्यामुळे गल्लत होते आणि उपाय चुकतो.

फरक ओळखण्यासाठी क्रेट आपल्या पलंगाला लागून ठेवावा. दार लावल्यावर कुत्रे थोडे कुरकुरले, जागेवर एक-दोन गिरक्या घेऊन आपल्या बाजूच्या जाळीला पाठ टेकवून झोपले, तर त्याला फक्त सोबत हवी होती. याउलट, आपण हाताच्या अंतरावर असूनही कडी सरकताच त्याचे कान मागे जात असतील आणि तेच कुत्रे मोकळ्या खोलीत एकटे निवांत झोपत असेल, तर अडचण बंद दाराची आहे.

आई आणि भावंडांच्या उबेतून नुकत्याच आलेल्या दोन महिन्यांच्या पिल्लाला बहुधा सोबतच हवी असते. क्रेट काही आठवडे पलंगाशेजारी ठेवून मग रोज थोडा थोडा दूर सरकवावा. एवढ्या लहान वयात रात्रभर लघवी धरवत नाही, त्यामुळे मध्यरात्री उठून, न खेळवता, त्याला बाहेर नेऊन आणावेच लागते.

कोंडले जाण्याच्या भीतीवर मात्र शेजारी झोपून काही साधत नाही. गल्लीत मोकळे वाढलेले किंवा नसबंदीसाठी पिंजऱ्यातून नेलेले कुत्रे दत्तक घेतले असेल, तर ही शक्यता आधी तपासावी. त्याचे जेवण उघड्या क्रेटमध्ये द्यावे, ते स्वतःहून आत जाऊन आडवे होऊ लागल्यावर खाता खाता काही क्षणच दार लोटावे आणि ते अस्वस्थ होण्याच्या आत उघडावे. हा अवधी फार सावकाश वाढवावा.

कोकणातल्या मे महिन्यात प्लॅस्टिकच्या क्रेटवर चादर टाकली, तर कुत्रे गार फरशीकडे धाव घेणारच. त्यात या दोन्हींपैकी कोणतीही भीती नसते.

‘रडू द्या, आपोआप गप्प होईल’ हा सल्ला मला धोक्याचा वाटतो, कारण घाबरलेले कुत्रे गप्प झाले तरी अनेकदा फक्त थकलेले असते. नख तुटले, हिरडीतून रक्त आले, तर त्याच दिवशी क्रेटचा वापर थांबवून कुत्र्याला पशुवैद्यांना दाखवावे. एकटेपणाची भीती तीव्र असल्यास ते सरावाच्या जोडीला फ्लुओक्सेटिनसारखे औषधही देऊ शकतात. क्रेट अपरिहार्य मुळीच नाही: स्वीडनमध्ये घरात कुत्र्याला रोज क्रेटमध्ये कोंडून ठेवण्यास कायद्यानेच मनाई आहे. खोलीच्या दाराला लहान मुलांसाठीचे फाटक लावून आत एक जाड गादी घातली, तरी बऱ्याच कुत्र्यांची झोपेची सोय होते.