एकीला ‘आत्ता’, एकाला ‘थांबा’

मुक्ता आणि ओजस यांच्या वाढदिवसांत तीन आठवड्यांचं अंतर. मुक्ता माझ्या मुलाची, ओजस मुलीचा. दोघांनी माझ्या सासऱ्यांचं तोंड जसंच्या तसं उचललंय: वरचे पटाशीचे दात पुढे, खालचा जबडा मागे. बारावं सरत आलं तसं दोघांना एकाच दिवशी दातांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी मुक्ताला सांगितलं, लगेच सुरू करू. ओजसला म्हणाले, वर्षभराने या. इंदूरमधलं आमचं लोकमान्यनगर येईपर्यंत रिक्षात कोणी बोललं नाही. घरात पाऊल टाकताच मुलगी म्हणाली, “आई, दात दोघांचे सारखे, मग माझ्याच मुलाला का थांबवलं?” आमच्या ह्यांनी पेपरमधून डोकं वर न काढता निकाल दिला, “मुलीच्या लग्नाची काळजी, दुसरं काय.”

मी शाळेत फिजिक्स शिकवलं. दातांचं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण तपासताना डॉक्टरांनी सुनेला हळूच विचारलं होतं, “मुक्ताची पाळी सुरू झाली का?” दाताचा आणि पाळीचा संबंध काय, हे मला स्वस्थ बसू देईना. मग वाचायला बसले.

एक्स-रे दोन काढले होते. पहिला ओपीजी, ज्यात दोन्ही जबडे उलगडून एका पट्टीत दिसतात. त्यात पाहिलं आणि थक्क झाले. तोंडात दिसत होते त्यांच्याशिवाय हाडात आणखी कितीतरी दात दडून बसलेले, कुणाचा नुसता माथा, कुणाचं अर्धं मूळ. गर्भ सहा आठवड्यांचा असताना दुधाच्या दातांची सुरुवात होते, आणि सहाव्या वर्षी उगवणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढेत क्षार साचायला लागतात ते थेट जन्माच्या सुमारास. आधी माथा घडतो, मग मूळ. मूळ दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश झालं की दात हिरडीतून डोकावतो, आणि मुळाचं टोक मिटायला पुढे आणखी दोन-तीन वर्षं लागतात.

या घडणीवरून वय काढता येतं. १९७३ साली डेमिर्जियन आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या फ्रेंच भाषक मुलांचे एक्स-रे पाहून पद्धत बसवली: खालच्या जबड्यातले डावीकडचे ७ दात घ्यायचे, प्रत्येक दात ए ते एच या ८ पायऱ्यांपैकी कुठे आहे ते बघायचं, गुण मांडायचे. आपल्याकडच्या मुलांना ती सारणी लावली की वय बरेचदा थोडं जास्त निघतं, म्हणून इथल्या संशोधकांनी तिच्यात दुरुस्त्या केल्या. माझ्या दोन्ही नातवंडांचे दात जवळपास एकाच पायरीवर होते. म्हणजे मुलीची तक्रार दातांपुरती अगदी रास्त होती.

जाता जाता सुळ्याबद्दल. वरचा सुळा हाडात सगळ्यात उंचावर तयार होतो आणि सगळ्यात लांबचा प्रवास करून अकराव्या-बाराव्या वर्षी खाली येतो. शंभरातल्या दोघांचा वाट चुकतो आणि बहुतेक वेळा टाळूकडे वळतो. एरिक्सन आणि कुरोल या स्वीडनच्या संशोधकांनी १९८८ साली दाखवलं की १० ते १३ या वयात त्याच्या वाटेतला दुधाचा सुळा वेळेवर काढला, तर असे वाट चुकलेले ७८ टक्के सुळे आपोआप रस्त्यावर येतात. ना तार, ना शस्त्रक्रिया. फक्त बघायला कुणीतरी वेळेवर हवं. दहाव्या वर्षीही दुधाचा सुळा हलत नसेल आणि वर हिरडीत फुगवटा लागत नसेल, तर ‘पडेल आपोआप’ म्हणत बसू नये, असं मला तरी वाटतं.

ओजसला थांबवण्याचं कारण मात्र दुसऱ्या एक्स-रेत होतं. डोक्याचा, बाजूने काढलेला. आणि कारण जबड्यात नव्हतं, मानेत होतं.

दात आणि हाडं एका तालावर चालत नाहीत. आजारपण, कुपोषण, हार्मोन यांचा परिणाम हाडांवर जितका होतो तितका दातांवर होत नाही. त्यामुळे दात वयाशी बरेच इमानी राहतात, हाडं मागेपुढे होतात. मुलींची उंची सर्वाधिक वेगाने वाढते ती साधारण बाराव्या वर्षी, मुलांची चौदाव्या. खालचा जबडाही त्याच सुमारास जोर धरतो. पाळी येते ती या ऐन भरानंतर सुमारे वर्षभराने. म्हणून तो प्रश्न. पाळी सुरू झाली असती, तर भर ओसरला असं धरावं लागलं असतं.

पूर्वी हा भर ओळखायला हाताच्या पंजाचा एक्स-रे काढत. अंगठ्याच्या बुडाशी एक इवलंसं हाड असतं, ते दिसू लागलं की उंचीचा झपाटा सुरू झाला असं समजायचं. त्याचं नाव सेसमॉइड, म्हणजे तिळासारखं. नंतर लॅम्पार्स्की यांनी १९७२ मध्ये मानेचे मणके वापरले आणि बाचेट्टी, फ्रांकी, मॅक्नमारा यांनी ती पद्धत घासूनपुसून ६ पायऱ्यांची केली. लहान मुलाच्या मणक्याची खालची कड सपाट असते. वाढीबरोबर तिला खोबण पडत जाते, आधी दुसऱ्या मणक्याला, मग तिसऱ्या, मग चौथ्या. जबड्याचा भर येतो तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मध्ये. मुक्ताच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्याला खोबण स्पष्ट होती. ओजसच्या कडा फळीसारख्या सपाट. “आंटीजी, इसका जबड़ा अभी सो रहा है,” डॉक्टर म्हणाले होते. एकच एक्स-रे दोन तज्ज्ञांना दिला तर पायरी जुळेलच असं नाही, अशी टीका या पद्धतीवर आहे आणि ती खरी आहे. पण आमच्याकडे आणखी एक पुरावा होता. स्वयंपाकघराच्या चौकटीवर दर पाडव्याला मुलांच्या उंचीची रेघ मारतो. मागच्या दोन पाडव्यांत मुक्ता ८ सेंटिमीटर वाढली होती, ओजस ५.

मुक्ताला बसवला ट्विन ब्लॉक. वर एक, खाली एक अशा दोन प्लेटा. त्यांचे उतार एकमेकांवर असे टेकतात की तोंड मिटायचं तर खालचा जबडा पुढे आणावाच लागतो. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी तो १९७७ साली पहिल्यांदा केला, तोही एका सहकारी डेंटिस्टच्या मुलासाठी. तो मुलगा पडला होता, त्याचा निखळलेला पुढचा दात परत बसवला होता, पण खालचा ओठ मागून त्याला ढकलत होता. प्लेटा जेवतानाही काढायच्या नाहीत. मुक्ताने पहिल्या आठवड्यात पोह्यांवरच्या शेवेशी हात टेकले.

यात जबडा खरोखर किती वाढतो? जाहिराती सांगतात तितका नाही. ब्रिटनमधल्या चाचण्यांत दिसलं की पुढच्या दातांचं अंतर कमी होण्यात मोठा वाटा दात सरकण्याचा, थोडा हाडाचा. आठव्या-नवव्या वर्षी घाई करणाऱ्या पालकांना सांगण्यासारखी गोष्टही तिथलीच: लवकर सुरू केलेली आणि किशोरवयात सुरू केलेली मुलं शेवटी जवळपास सारखीच निघाली. लवकर सुरू करण्याचा ठोस फायदा एकच, पुढे आलेले दात पडून-आपटून मोडण्याचं प्रमाण घटतं.

माझ्या पुतणीचं, रेवतीचं, प्रकरण वेगळं. ती २६ वर्षांची. मणके मोजून उपयोग नव्हता. वरच्या दोन उपदाढा काढून पुढचे दात मागे ओढायचे होते. इथे माझा न्यूटन आला. पुढच्या दातांना मागे ओढायचं तर मागच्या दाढांना धरून ओढणार, आणि मग दाढाही पुढे येणार. रस्सीखेचीत समोरचा गडी हलतो तसेच आपणही थोडे सरकतो. दात म्हणजे भिंतीतला खिळा नव्हे. तो सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीच्या तंतूंच्या गादीवर टांगलेला असतो. एका बाजूने दाब आला की तिथलं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं, आणि महिन्याला साधारण १ मिलिमीटर या गतीने दात चालतो. जास्त जोर लावून गती वाढत नाही. दबलेल्या जागेचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि काम उलट अडतं.

मग न हलणारा आधार कुठून आणायचा? पूर्वी मानेमागून पट्टा घालायचे, रोज बारा-चौदा तास. कॉलेजच्या पोरी तो किती तास घालत असतील ते वेगळं सांगायला नको. १९४५ साली गेन्सफर्थ आणि हिगली यांनी कुत्र्यांच्या जबड्यात स्क्रू घालून पाहिले, ते निखळले. १९५२ मध्ये स्वीडनच्या ब्रेनमार्क यांना सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण हाडाशी इतकं एकजीव झालेलं आढळलं की काढता येईना. १९९७ मध्ये जपानच्या कानोमी यांनी १.२ मिलिमीटर व्यासाचा स्क्रू दातांसाठी वापरला. आता हे मिनी स्क्रू नेहमीचे झालेत. ते मुद्दाम गुळगुळीत ठेवतात, हाडाशी पुरते एकजीव होऊ नयेत म्हणून, कारण काम संपल्यावर उलटे फिरवून काढायचे असतात. शंभरातले तेरा-चौदा सैल होतात, मुळाला खेटून बसले तर जास्त. आणि टिकलेला स्क्रूही ओढ लागली की किंचित कलतो. न्यूटन सुटत नाही, फक्त हिशेब दाढांकडून हाडाकडे जातो. रेवतीचा डावीकडचा पहिला स्क्रू तीन आठवड्यांत हलला, दुसरा थोडा वर बसवला, तो टिकला. लहान मुलांना मात्र हे सहसा लावत नाहीत: हाड मऊ, आणि हिरडीखाली अजून न उगवलेले दात.

डिसेंबरात ओजसला परत नेलं. चौकटीवरची त्याची रेघ मुक्ताच्या रेघेला येऊन टेकली होती, आवाज फाटला होता, आणि एक्स-रेत तिसऱ्या मणक्याला बारीकशी खोबण. “अब जागा,” डॉक्टर म्हणाले. त्या रात्री सगळे सराफ्यातल्या खाऊगल्लीत गेलो. मुक्ताच्या प्लेटा एव्हाना निघाल्या होत्या, आता तारा होत्या. दोघांमध्ये एकच गराडूची, म्हणजे तळलेल्या कंदाच्या फोडींची, प्लेट. ती त्याला मऊ फोडी वेचून देत होती आणि कडक, खरपूस फोडी स्वतःच्या बाजूला सारत होती. तारा असलेल्यांनी त्या खायच्या नसतात, हे तिला पक्कं माहीत होतं. मी काही बोलले नाही.