वेग वाढला की अडथळा जवळ येतो

1992, बार्सिलोना ऑलिंपिक. महिलांच्या 100 मीटर हर्डल्सची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी. अमेरिकेची गेल डेव्हर्स चांगलीच पुढे होती, आणि शेवटच्या, दहाव्या अडथळ्याला तिचा पाय लागला. तोल जाऊन ती कोसळतच पुढे गेली आणि पाचवी आली. सुवर्ण मिळालं ग्रीसच्या पारास्केवी पातूलिदूला. 2008 साली बीजिंगमध्ये आघाडीवरची लोलो जोन्स नवव्या अडथळ्याला अशीच अडखळली, ती सातवी. पाहणाऱ्याला वाटतं, दमली असेल. पण अशा चुका पुष्कळदा वेग जास्त झाल्यामुळे होतात.

पुरुषांच्या 110 मीटर शर्यतीत पहिला अडथळा 13.72 मीटरवर असतो, पुढचे नऊ दर 9.14 मीटरवर आणि शेवटचे 14.02 मीटर मोकळे. उंची 1.067 मीटर. यातलं एकही माप धावपटूसाठी हलत नाही. कसलेला धावपटू अडथळ्याच्या साधारण 2.1 मीटर अलीकडून झेपावतो आणि 1.4 मीटर पलीकडे उतरतो. म्हणजे साडेतीन मीटर हवेतच गेले. उरलेल्या 5.6 मीटरमध्ये तीन पावलं बसवायची, एक सरासरी 1.9 मीटरचंही नाही. हाच माणूस सपाट शर्यतीत एका पावलाला दोन मीटरच्या बराच पुढे जातो. त्यामुळे इथे पाऊल लांबवून वेग मिळत नाही, पावलं भराभर टाकूनच मिळतो. जोरात आलेल्या धावपटूचं पाऊल नकळत लांबतं, तो 2.1 ऐवजी 1.8 मीटरवरच अडथळ्याशी येऊन ठेपतो आणि पुढचा पाय वर यायला वेळच उरत नाही. मग एक तर अडथळ्याची आडवी फळी पायाला लागते, नाही तर उंच उडी मारावी लागते.

उंच उडी किती महाग पडते, ते पाहा. हवेत पाय जमिनीला रेटू शकत नाही, त्यामुळे तिथे वेग वाढवता येत नाही. शरीराचा गुरुत्वमध्य 14 सेंटिमीटर वर गेला तर वर जाऊन खाली यायला सुमारे 0.34 सेकंद लागतात. 30 सेंटिमीटर गेला तर 0.49. फरक 0.15 सेकंदांचा, आणि अडथळे दहा! म्हणून धड पुढे झुकवायचं, पुढचा पाय सरळ रेषेत न्यायचा, मागचा पाय गुडघा बाहेर काढून बाजूने फिरवायचा. त्या फिरण्याने धड वळू नये म्हणून पुढच्या पायाच्या विरुद्ध बाजूचा हात पुढे. सरळ पायाची ही पद्धत गाजवली 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णं जिंकणाऱ्या आल्विन क्रेन्झलाइनने.

अडथळा पाडला म्हणून कोणी बाद होत नाही, मुद्दाम पाडला तर होतो. अडथळ्याचे पाय धावपटू येतो त्या बाजूला असतात, त्यामुळे धक्का बसला की तो पुढे पडतो. 1996 मध्ये अॅलन जॉन्सनने अटलांटात बहुतेक अडथळ्यांना धडका देत 12.95 सेकंदांत सुवर्ण नेलं. तरी प्रत्येक धडक थोडा वेग खातेच.

सुरुवातीचा हिशोबही बदलला. पहिल्या अडथळ्यापर्यंत पूर्वी बहुतेक जण आठ पावलं टाकत. क्यूबाच्या डायरन रोब्लेसने सात टाकून 2008 चं सुवर्ण जिंकलं. अमेरिकेचा एरिस मेरिटही सातवर आला. 2012 मध्ये लंडन ऑलिंपिकला 12.92 सेकंद, आणि महिन्याभराने ब्रसेल्सला 12.80, जो विश्वविक्रम ठरला. एक पाऊल कमी केलं की स्टार्टिंग ब्लॉकमध्ये, म्हणजे सुरुवातीला पाय टेकवायच्या ठोकळ्यांवर, पुढे ठेवायचा पाय बदलतो. वर्षानुवर्षांची सवय मोडावी लागते, हे काही महिन्याभराचं काम नाही.

महाराष्ट्राच्या तेजस शिरसेने 2024 मध्ये फिनलंडमध्ये 13.41 चा राष्ट्रीय विक्रम केला. मेरिटपासून अंतर 0.61 सेकंदाचं, म्हणजे दर अडथळ्यामागे जेमतेम सहा शतांश.

ते शतांश कमावायला प्रशिक्षक सरावात अडथळे 9.14 पेक्षा थोडे जवळ मांडतात. सरावात शर्यतीइतका वेग येत नाही. अंतर पूर्ण ठेवलं तर पाय लांब टाकायची सवय लागते, आणि शर्यतीच्या दिवशी तीच सवय पायाला फळीवर नेऊन आपटते.