टाच दुखते ती वाढलेल्या हाडाने नव्हे

पहाटे पहिलं पाऊल लादीवर टेकवलं, की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ. भिंतीला धरून थोडं चाललं की ती ओसरते, दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी परत येते. फोंड्याच्या माझ्या मावशीचं हेच चाललं होतं. कुंडईच्या कारखान्यात पाळीभर उभ्याने काम, घरी अनवाणी, पायाखाली टणक लादी. एक्स-रेत टाचेला हाडाचं टोक दिसलं आणि "हाड वाढलंय" म्हणून ती हादरली.

ही भीती मला आधी घालवावीशी वाटते. असं टोक ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा पुष्कळांच्या एक्स-रेतही दिसतं. दुखतो तो तळव्यातला जाड पट्टा, टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेला प्लांटर फॅशिया. पाऊल उचलताना बोटं वर वळतात, तसा हा पट्टा रहाटावरच्या दोरासारखा ताणला जातो आणि तळव्याची कमान उंचावते. संशोधक हिक्स यांनी १९५४ मध्ये ही क्रिया उलगडून दाखवली. म्हणजे पावलागणिक ओढ बसतेच. त्यात वजन वाढलेलं असेल, पोटऱ्या आखडलेल्या असतील किंवा चालणं एकाएकी वाढलं (पंढरपूरच्या दिंडीत पायी निघणाऱ्यांनी आधी महिना-दोन महिने सराव करावा तो यासाठीच), तर पट्ट्याची झीज भरून निघत नाही. शस्त्रक्रियेत काढलेले या पट्ट्याचे ५० नमुने तपासून २००३ मध्ये लेमाँट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की त्यांत दाह नव्हता, झीज होती.

म्हणूनच दाह शमवणाऱ्या नुसत्या गोळ्यांनी आणि आडवं पडून भागत नाही. पट्ट्याला हळूहळू भार पेलायला शिकवावं लागतं. अंथरुणातून उतरण्याआधी पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा, बोटं हाताने नडगीकडे ओढायची, दहा आकडे मोजायचे. असं दहा वेळा. पुढचा व्यायाम डेन्मार्कमधल्या २०१५ च्या अभ्यासातला. पायरीच्या कडेवर उभं राहायचं, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, दुखऱ्या पायावर तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. दिवसाआड. तीन महिन्यांनी नुसत्या ताणण्यापेक्षा याने जास्त आराम पडला. वर्षभरानंतर मात्र दोन्ही गट सारखेच होते. मावशीला आधाराला कठडा लागायचा, आणि सुरुवातीला ती दोन्ही पायांवरच करायची. तेही चालतं.

पातळ रबरी चपला घरातही नकोत; टाचेखाली मऊ, कमानीला आधार देणारी चप्पल हवी. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे बरं वाटतं, पण पट्टा तुटण्याचा धोका असतो, त्यामुळे ती घाई करू नये. बहुतेकांची टाच वर्षभरात शस्त्रक्रियेविना बरी होते.

पण रात्री झोपेतही ठणका, सूज, ताप किंवा पाय बधिर होणं असेल, तर थेट डॉक्टरांकडे जावं. मधुमेह असलेल्यांनी बधिर पायाला बर्फ किंवा गरम शेक लावूच नये.