डंपवरची लागवड जगली का? आमची मोजणी कशी चालते

लागवडीला तीन वर्षं झाली, रजिस्टरात हेक्टरी २५०० रोपं आहेत आणि ऑक्टोबरात काढलेल्या फोटोत डंप, म्हणजे कोळसा खाणीतून उपसलेल्या माती-दगडांचा ढिगारा, हिरवागार आहे. मग पुन्हा मोजायचं कशाला, असं बरेच ग्राहक विचारतात. चंद्रपूर-वणी पट्ट्यात राहणाऱ्याला याचं उत्तर मे महिन्यात आपोआप मिळतं. तरोटा वाळून गेलेला असतो, रानतुळशीच्या नुसत्या काड्या उरतात आणि पंचेचाळीस अंशांत जे हिरवं उभं असेल तेवढंच आपलं. म्हणून आम्ही एका जागेवर दोनदा येतो: पावसाळा सरता सरता गवतासाठी आणि मे महिन्यात झाडांसाठी. एकाच फेरीत अहवाल हवा असेल तर मे निवडा.

जिवंत रोपांचा आकडा

हेक्टरी २५०० म्हणजे दोन-दोन मीटरवर एक खड्डा. दहा बाय दहा मीटरचा चौकोन दोरीने आखला की त्यात २५ खड्डे सापडायला हवेत. जिवंत किती, वाळलेली किती आणि रिकामे खड्डे किती, हे तिन्ही आम्ही वेगवेगळं लिहितो. चौकोन कुठे आखायचे ते कार्यालयात नकाशावर चिठ्ठ्या टाकून ठरतं आणि डंपचा माथा, उतार व पायथा यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या असतात. हा नियम आम्ही ठेच लागून शिकलो. सुरुवातीच्या एका कामात आम्ही हॉल रोडच्या (खाणीतल्या डंपरच्या रस्त्याच्या) कडेकडेने मोजत गेलो होतो. टँकर पोचतो तिथेच झाडं चांगली असतात, त्यामुळे आकडा छान आला. दक्षिणेकडच्या उतारावर चढलो तेव्हा तो कापावा लागला.

नांग्या भरलेली, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नंतर लावलेली, रोपं आम्ही वेगळी मोजतो. मागच्या पावसाळ्यात लावलेलं रोप जिवंत असलं तरी त्याला तीन वर्षांचं म्हणता येत नाही. अमेरिकेत १९७७च्या कायद्याखाली कोळसा खाणींसाठी जे नियम आहेत, त्यांत ही गोष्ट स्पष्ट आहे. शेवटचं पेरणं, खत किंवा पाणी दिल्यानंतर खाणचालकाच्या जबाबदारीची मुदत सुरू होते. ती बऱ्या पावसाच्या भागात किमान पाच वर्षं आणि कोरड्या भागात दहा वर्षं असते. शिवाय मोजलेल्या झाडाझुडपांपैकी ८० टक्के तरी त्या मुदतीच्या ६० टक्के काळ जागेवर असावी लागतात. तो कायदा आपल्याला लागू नाही, पण प्रश्न नेमका आहे. म्हणून आमच्या फॉर्मवर पहिलाच रकाना असतो: टँकर कधी बंद केला?

झाडाखाली काय आहे

आमच्या मते खरी परीक्षा इथे आहे आणि आमचा निम्मा वेळ इथेच जातो.

दोन चौकोन डोळ्यासमोर आणा. दोन्हीत २५ पैकी २० झाडं जिवंत, म्हणजे कागदावर दोन्ही ८० टक्के. पहिल्यात सगळं ऑस्ट्रेलियन अकेशिया. खाली चामड्यासारख्या पानांचा वीतभर थर. तो हाताने सारला की निघतो तो डंपचा मुरूम, वाळूखडकाचे तुकडे आणि शेल, जसेच्या तसे. दुसऱ्यात करंज, शिसू, आवळा, मधे गिरीपुष्प. पाचोळा पातळ, पण त्याचा खालचा पदर काळा पडून कुजलेला, त्यात पांढरी बुरशीची जाळी, मुंग्यांची वारुळं आणि कोणीही न लावलेली कडुनिंबाची सहा रोपं, पाखरांनी आणलेली. टँकर थांबल्यावर दुसरा चौकोन स्वतःला पुढे नेईल. पहिल्याबद्दल आम्ही तसं लिहून देणार नाही.

म्हणून आपोआप उगवलेली रोपं आम्ही जातवार मोजतो. घाणेरी आणि वेडी बाभूळ त्या बेरजेत धरत नाही. गवतासाठी एक मीटरची चौकट टाकून किती जमीन झाकली आहे ते पाहतो. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला खाणपट्टेधारकांवर खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवण्याची अट घालायला सांगितलं, तेव्हापासून नुसत्या झाडांच्या आकड्यावर फाइल पुरी होते असं समजू नये.

मातीच्या तपासणीत एक खोच आहे. कोळशाच्या डंपवरच्या मातीत कोळशाची भुकटी असतेच आणि नेहमीच्या चाचणीत तीही सेंद्रिय कर्ब म्हणून मोजली जाते. त्यामुळे प्रयोगशाळेचा कागद ‘कर्ब भरपूर’ म्हणतो आणि रोपं पिवळी पडलेली असतात. आम्ही त्या आकड्यावर एकट्यावर निकाल देत नाही. सूक्ष्मजीवांचा श्वसनदर बघतो, सामू (पीएच) बघतो आणि लोखंडी कडं जमिनीत ठोकून त्यात पाणी ओततो. पाणी किती मिनिटांत मुरतं ते आपणही शेजारी उभं राहून घड्याळ लावून पाहू शकता. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज डंपवर साखर कारखान्याचं प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ), जिवाणू खतं आणि मायकोरायझा (मुळांना साथ देणारी बुरशी) वापरून लागवड उभी केली, ती याच कारणाने. खड्ड्यात आधी माती जिवंत व्हावी लागते.

तुलना कशाशी

ताडोब्याशी नको, ते अन्यायाचं होईल. खाणपट्ट्याच्या कडेला न खणलेलं झुडपी जंगल बहुतेक ठिकाणी असतं, आम्ही त्याच्याशी तोलतो. उपग्रहाचं चित्रही घेतो. कोल इंडियाची नियोजन संस्था सीएमपीडीआय मोठ्या ओपनकास्ट (उघड्या) खाणींची पाहणी दरवर्षी तसंच करते. पण वरून घाणेरीही हिरवी आणि आवळाही हिरवा, तेव्हा पायी फिरणं टळत नाही.

आपल्याकडून काय लागेल

खाणपट्ट्याचा नकाशा, लागवडीचं रजिस्टर, रोपवाटिकेची बिलं, टँकरच्या नोंदी. रजिस्टर अर्धवट असलं तरी चालेल, नंतर भरून काढलेलं नको. दर हेक्टरी दोन-तीन वाळलेली रोपं मुळासकट उपटायची परवानगीही हवी. मूळ पॉलिथिनच्या पिशवीतच गुंडाळलेलं निघालं तर दोष उन्हाचा नसतो, आणि पुढच्या ठेकेदाराशी बोलताना आपल्याला ते माहीत असलेलं बरं.

मेच्या मोजणीसाठी मार्चअखेर कळवा. त्या महिन्यात आमची माणसं सकाळी सहा ते दहा एवढंच डंपवर असतात. सोबत आपला एक माहीतगार माणूस द्या. शक्यतो ज्याने पाणी घातलं तोच.